ईआरपी बदल: निर्णय-वही आणि खर्चाच्या नोंदी

व्याप्ती: ईआरपी (खरेदी, उत्पादन, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) बदलणे; तीन कारखाने, चार गोदामे, २१० वापरकर्ते, अकरा वर्षे चाललेली जुनी प्रणाली. नोंदी ग्राहकाच्या बाजूच्या प्रकल्प कार्यालयाच्या. खर्च दोन मापांत मांडला आहे: परवान्यांची मूळ रक्कम १०० धरून, आणि कामासाठी मनुष्यदिवसांत.

१० फेब्रुवारी: अंदाजपत्रक

विक्रेत्याच्या कागदावर तीनच ओळी आहेत: परवाने १००, अंमलबजावणी १५०, वार्षिक देखभाल २२. कायम परवान्यांवर ओरॅकल आणि एसएपी या दोन्ही मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा रूढ दर २२ टक्क्यांचा आहे, त्यामुळे दरावर घासाघीस करायला फारसा वाव नाही. वाव आहे तो वाढीच्या कलमात. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांची देखभाल १२१.६ होते, म्हणजे मूळ परवान्यांपेक्षाही जास्त. वाढीला कमाल मर्यादा करारातच लिहून घ्यायची.

पूर्ण संच घेतल्यास जादा सूट देऊ केली आहे. त्यातली चार मॉड्यूल दोन वर्षे तरी वापरात येणार नाहीत, पण सही झाल्या दिवसापासून त्यांची देखभाल सुरू होते. पुढे ती परत केली तर उरलेल्या परवान्यांची किंमत नव्याने लावली जाते आणि बचत त्यातच जिरते. ती चार मॉड्यूल वगळली. त्याऐवजी आजचाच दर २४ महिने कायम ठेवण्याचे कलम मागितले.

कागदावर नसलेल्या ओळी: डेटा साफ करण्याचे काम, चाचणी आणि प्रशिक्षणासाठीचे वेगळे सर्व्हर, जुन्या प्रणालीची संक्रमणकाळातली देखभाल, जुना डेटा वाचण्यासाठीची सोय, आणि सर्वांत मोठी ओळ म्हणजे आपल्याच माणसांचा वेळ. तो तात्पुरता ६०० मनुष्यदिवस धरला आहे. आकडा कमी वाटतो, पण खातेप्रमुखांनी याहून जास्त माणसे सोडायला मान्यता दिलेली नाही.

१७ फेब्रुवारी: परवान्यांची मोजणी

माणसे मोजून भागत नाही. बाहेरची कोणती प्रणाली ईआरपीत दस्तऐवज (ऑर्डर, पावती अशा नोंदी) तयार करते, तेही मोजावे लागते. एसएपी आणि तिची ग्राहक असलेली मद्य कंपनी डिआजिओ यांच्या खटल्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नेमका हाच मुद्दा ग्राहकाच्या विरोधात ठरवला: ग्राहक आणि विक्री प्रतिनिधी वेगळ्या प्रणालीतून एसएपीपर्यंत पोहोचत असले, तरी तो वापरच आहे आणि त्याला परवाना लागतो. एसएपीची मागणी ५.४ कोटी पौंडांहून अधिक होती. त्यानंतर २०१८ मध्ये एसएपीने दस्तऐवजांच्या संख्येवर आधारलेली पद्धत आणली.

आपल्याकडे असे तीन स्रोत आहेत: वितरकांचे पोर्टल, गोदामातली बारकोड यंत्रे आणि वजनकाटा. तिन्हींच्या गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी काढून वर्षाला किती दस्तऐवज होतील ते मांडायचे, आणि तो आकडा करारावर सही होण्याआधी विक्रेत्याकडून मान्य करून घ्यायचा. सहीनंतर आपल्या बाजूला जोर राहत नाही.

डेटाबेस ओरॅकलचा. सध्याचा व्हीएमवेअर क्लस्टर (सर्व्हर एकत्र जोडून आभासी तुकड्यांत वाटणारी व्यवस्था) सहा सर्व्हरचा, प्रत्येकात ३२ कोर (प्रोसेसरचे गणना करणारे भाग). आपल्याला आठच कोर लागतात. परवाने कोरवर मोजतात, इंटेल प्रोसेसरचा गुणक ०.५, म्हणजे चार परवाने. पण ओरॅकल व्हीएमवेअरच्या विभागणीला मर्यादा म्हणून मानत नाही आणि डेटाबेस जिथे चालू शकतो ते सगळे कोर मोजते: १९२ कोर, म्हणजे ९६ परवाने. म्हणून डेटाबेस क्लस्टरबाहेर, आठ कोरच्या दोन स्वतंत्र सर्व्हरवर ठेवायचा. आठ परवाने. दोन सर्व्हरचा खर्च त्या फरकापुढे नगण्य आहे.

३ मार्च: सल्लागार कंपनीशी करार

ठराविक रकमेचा करार केला की प्रत्येक अस्पष्ट वाक्य पुढे चेंज रिक्वेस्ट (जादा पैशांची बदल-मागणी) बनून येते. दिवसांवर पैसे द्यायचे ठरवले तर काम संपवण्याची घाई कोणालाच राहत नाही. दोन्हींचा मेळ घातला: ब्लूप्रिंटपर्यंत (नव्या प्रणालीत कामे कशी चालतील त्याचा लेखी आराखडा) दिवसांवर, पण कमाल मर्यादेसह, ब्लूप्रिंट मंजूर झाल्यावर उरलेले काम ठराविक रकमेत. एकूण १,९०० मनुष्यदिवस. राखीव १५ टक्के, म्हणजे २८५.

हप्त्यांची भाषा बदलून घेतली. मसुद्यात ‘दस्तऐवज सादर केल्यावर’ होते, ते ‘लेखी स्वीकृती मिळाल्यावर’ केले. शेवटचा २० टक्के हप्ता पहिला महिनाअखेर हिशेब नव्या प्रणालीत बंद झाल्यावर द्यायचा.

नावानिशी सल्लागारांची यादी कराराला जोडली. बदली करायची तर चार आठवडे आधी सूचना, आणि नव्या माणसाचे पहिले दहा दिवस बिनखर्चाचे.

२४ मार्च: फिट-गॅप

३१२ गरजा नव्या प्रणालीत बसतात का ते तपासले. २२८ मूळ प्रणालीत बसतात, ४७ कॉन्फिगरेशनने (कोड न लिहिता, सेटिंग बदलून) भागतात, ३७ गॅप, म्हणजे न बसणाऱ्या. या ३७ मधल्या २१ म्हणजे अहवाल आणि छापील नमुने आहेत. त्यांना खरा गॅप म्हणता येत नाही. उरल्या १६.

कस्टमायझेशनचा अंदाज देताना फक्त कोड लिहिण्याचे दिवस सांगितले जातात. बारा दिवसांच्या एका कामाचा पूर्ण हिशेब असा निघाला: तपशीलवार आराखडा ३, कोड १२, सुटी चाचणी ३, एकत्रित चाचणी ४, दस्तऐवज २. एकूण २४, म्हणजे बरोबर दुप्पट. वर प्रत्येक अपग्रेडला दोन दिवसांची फेरचाचणी कायमची. हा हिशेब खातेप्रमुखांपुढे ठेवल्यावर १६ पैकी सात मागण्या त्यांनीच मागे घेतल्या.

लिडल या जर्मन दुकान-साखळीचे उदाहरण बैठकीत मुद्दाम मांडले. त्यांचा साठा खरेदी किमतीवर मोजला जायचा, निवडलेली प्रणाली विक्री किमतीवर चालणारी. पद्धत बदलण्याऐवजी प्रणाली वाकवली गेली. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, सुमारे ५० कोटी युरो खर्चून प्रकल्प थांबवावा लागला. आपल्या नऊ गॅपपैकी तपासणी-शुल्काची विभागणी याच जातीची आहे. ती मूळ पद्धतीनेच करायची असे ठरले.

७ एप्रिल: निर्णय-वही

आजपासून निर्णय-वही. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, एकच मालक, अखेरची तारीख, आणि उत्तर न आल्यास काय गृहीत धरले जाईल ते. उघडे प्रश्न १९.

वही का लागली ते नि-७ (निर्णय क्रमांक ७) वरून कळेल. कच्च्या मालाचा बॅच क्रमांक गेटवर पडताच द्यायचा की गुणवत्ता तपासणीनंतर? गोदाम आणि गुणवत्ता विभागात अकरा दिवस एकमत झाले नाही. दोन सल्लागार थांबून राहणार नव्हते. त्यांनी ‘गेटवर’ धरून काम पुढे नेले. उत्तर आले ‘तपासणीनंतर’. बारकोड लेबल, तपासणीचा स्क्रीन, आवक पावती आणि तीन इंटरफेस (इतर प्रणालींशी जोडण्या) पुन्हा करावे लागले: २३ मनुष्यदिवस. प्रश्न तांत्रिक नव्हता, त्यामुळे तो सल्लागाराच्या माथी मारता येत नाही आणि त्याचे बिल नाकारताही येत नाही.

नियम: पाच कामकाजी दिवसांत उत्तर नाही आले तर प्रश्न सुकाणू समितीकडे, तिथेही तीन दिवसांत सुटला नाही तर मूळ प्रणालीची पद्धत आपोआप लागू.

२१ एप्रिल: मास्टर डेटा

मटेरियल मास्टरमध्ये (वस्तूंच्या मूळ यादीत) ३८,४०० नोंदी. गेल्या २४ महिन्यांत हालचाल झालेल्या फक्त १४,९००. उरलेल्या नव्या प्रणालीत न्यायच्या नाहीत (नि-१२, मान्य). नेण्याजोग्यांत २,१६० दुबार: एकच बोल्ट तीन स्पेलिंगांनी, एकदा इंचात, एकदा मिलिमीटरमध्ये. ८७० वस्तू किलोने खरेदी होतात आणि नगांनी साठवल्या जातात, पण एका किलोत किती नग याची नोंदच नाही. ती माहिती गोदामातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात आहे. सल्लागार ती आणू शकत नाही. आपणच प्रत्यक्ष वजन करून भरायची. रोज ६० वस्तू, पंधरा दिवस.

सफाई एक्सेलमध्ये नको, जुन्या प्रणालीतच. कारणे दोन. पहिले, एक्सेलची प्रत काढल्या दिवसापासून शिळी होते. इकडे नावे सुधारली जातात तोवर तिकडे नव्या चुकीच्या नोंदी पडत राहतात. दुसरे, एक्सेल स्वतःच डेटा बिघडवते: सुरुवातीची शून्ये गळतात, ‘३-१२’ असा भाग क्रमांक तारीख होतो, आणि पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य होतात. बँक खाते क्रमांकांत हे झाले तर ते पैसे देताना उघडकीला येते. जिथे एक्सेल टाळताच येत नाही तिथे फाइल थेट न उघडता आयात करायची, आणि आयात करतानाच सगळे स्तंभ मजकूर म्हणून घ्यायचे.

लहान चुकांची किंमत कमी लेखू नये. टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडली तेव्हा वस्तूंच्या मापांत सेंटिमीटरच्या जागी इंच, लांबीच्या जागी रुंदी अशा नोंदी भरल्या गेल्या होत्या. कप्पे रिकामे आणि गोदामे भरलेली अशी अवस्था झाली. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने तिथून माघार जाहीर केली. कारणे अनेक होती, पण डेटा त्यांत मोठे होते.

१२ मे: इंटरफेस

सतरा इंटरफेस. प्रत्येकी दहा दिवसांचा अंदाज हा सगळे सुरळीत चालले तरचा. प्रत्येकासाठी चार प्रश्नांची लेखी उत्तरे मागितली: संदेश दोनदा आला तर? उलट्या क्रमाने आला तर? एक संदेश अडकला तर मागचे सगळे अडतील का? दिवसअखेर दोन्ही बाजूंचा मेळ कोण आणि कशावरून बसवणार? सतरापैकी चारच इंटरफेसच्या आराखड्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते. वजनकाट्याच्या संदेशाला वेगळा ओळख क्रमांक नाही. नेटवर्क तुटून जोडले गेले की तीच गाडी दुसऱ्यांदा आवक होईल. क्रमांक जोडायचे काम काट्याच्या पुरवठादाराकडे, ६ मनुष्यदिवस.

२ जून: चेंज रिक्वेस्ट

आतापर्यंत २६ आल्या, मंजूर १७, एकूण २१४ मनुष्यदिवस. कारणांनुसार विभागणी करून पाहिली. कायद्यातल्या किंवा बाहेरच्या बदलामुळे ३१, ब्लूप्रिंटमध्ये राहून गेलेल्या गोष्टींमुळे ६५, आणि सही झालेला निर्णय पुन्हा उघडल्यामुळे ११८. निम्म्याहून जास्त भार स्वतःच ओढवून घेतलेला आहे, आणि तो टाळता आला असता हे मनाला लागते.

मूळ शोधले तर सह्या खातेप्रमुखांच्या होत्या आणि काम त्यांच्या हाताखालची माणसे करतात. त्यांनी स्क्रीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा आक्षेप आले. यापुढे प्रत्येक दस्तऐवजावर दोन सह्या: प्रमुखाची आणि ते काम रोज करणाऱ्याची. सहीआधी चालता स्क्रीन दाखवायचा. ८० पानांचे ब्लूप्रिंट वाचून कोणाला प्रक्रिया दिसत नाही.

नाकारलेल्या नऊ रिक्वेस्टचा अंदाज काढण्याचेही बिल लागले आहे, प्रत्येकी दीड दिवस. करारात हे कलम नीट वाचायला हवे होते.

१६ जून

खरेदी आणि उत्पादन या दोन्ही मॉड्यूलचे सल्लागार एकाच महिन्यात बदलले. दहा बिनखर्ची दिवसांचे कलम उपयोगी पडले. कॉन्फिगरेशनच्या दस्तऐवजात ‘काय ठेवले’ आहे, ‘का ठेवले’ नाही. तो स्तंभ जोडून मागच्या १४० नोंदींसाठी भरून घेतला.

७ जुलै: स्थलांतराची रंगीत तालीम

पहिल्या तालमीत डेटा चढवायला ३१ तास लागले: वस्तू ६, बिल ऑफ मटेरियल (उत्पादनाच्या घटकांची यादी) ५, पुरवठादार आणि ग्राहक २, उघडे दस्तऐवज ११, साठा ७. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ अशा ६० तासांच्या खिडकीत हे बसते, पण तपासणीला १२ तास आणि गरज पडल्यास परत फिरायला आठ तास हवेत, म्हणजे चूक सुधारायला फारसा वेळ उरत नाही. फाइल तुकड्यांत विभागून समांतर चढवल्यावर आणि चढवताना बदल-नोंदी बंद ठेवल्यावर दुसऱ्या तालमीत १८.५ तास.

वेळेपेक्षा हिशेबाने जास्त घाम काढला. ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकींची यादी) खात्यागणिक जुळला, पण साठ्याच्या मूल्यात फरक. शोध घेता घेता वॉशर सापडले. नगामागे किंमत ०.०४३७, प्रणाली दोन दशांश ठेवते, म्हणून ०.०४. साठा पाच लाख नग: जुन्या प्रणालीत मूल्य २१,८५०, नव्यात २०,०००. उपाय प्रणालीतच आहे: किंमत एका नगाची न देता हजार नगांची द्यायची, ४३.७०. अशा २३६ वस्तू निघाल्या. तिसऱ्या तालमीत फरक शून्य. ही चूक गो-लाइव्हनंतर (नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर) निघाली असती तर मधल्या काळातल्या प्रत्येक उत्पादन आदेशाचा खर्च चुकीचा पडला असता.

४ ऑगस्ट: यूएटी (वापरकर्त्यांनी करायची स्वीकृती चाचणी)

६४० चाचण्या. पहिल्या फेरीत ४९१ उत्तीर्ण. डेटा तालमीतूनच आलेला वापरला. सल्लागारांनी बनवलेल्या नमुना वस्तूंवर सगळेच चालते.

दोषांच्या वर्गवारीवर ताण सुरू आहे. ‘गंभीर’ दोष शून्य असल्याशिवाय पुढचा टप्पा नाही, म्हणून गंभीर दोष मध्यम ठरवण्याचा आग्रह होतो. क्वीन्सलंडच्या आरोग्य खात्याच्या पगार प्रणालीत, २०१० च्या गो-लाइव्हआधी, दोषांचे निकष असेच सैल केले गेले होते. ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासच्या ठराविक रकमेने सुरू झालेल्या कामाचा एकूण बोजा पुढे १ अब्जावर गेला. परिचारिकांना पगार कमी मिळाले, चुकीचे मिळाले, काहींना मिळालेच नाहीत. वर्गवारी बदलायची तर यापुढे प्रकल्प कार्यालयाची आणि त्या प्रक्रियेच्या मालकाची, दोघांचीही सही लागेल.

महिनाअखेर बंद करण्याची आणि बँक ताळमेळाची चाचणी यादीत नव्हती, घातली. बर्मिंगहॅम महापालिकेने एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकलची प्रणाली सुरू केली तेव्हा बँक ताळमेळच नीट चालला नाही आणि माणसांकडून हाताने जुळवून घ्यावा लागला. सुमारे २ कोटी पौंडांच्या मूळ अंदाजाचे काम २०२३ मध्ये १० कोटींपर्यंत जाण्याच्या गोष्टी होऊ लागल्या.

१ सप्टेंबर: तारीख

ठरलेली गो-लाइव्ह १ ऑक्टोबर; ऑर्डरचा सर्वाधिक भार ऑक्टोबरातच. अजून २७ मध्यम दोष उघडे, गोदामातल्या ६८ पैकी ४१ जणांचेच प्रशिक्षण झाले आहे. एक महिना पुढे ढकलण्याचा खर्च: सहा सल्लागार गुणिले २० दिवस, १२० मनुष्यदिवस, वर जुन्या प्रणालीची एक महिन्याची देखभाल. राखीव २८५ मधले २१४ गेलेले, म्हणजे राखीव ओलांडून ४९ जादा.

हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ४८ महिन्यांचे सुचवलेले काम ३० महिन्यांत बसवले आणि हॅलोविन सणाच्या ऑर्डर येण्याच्या तोंडावर, जुलैत, ११.२ कोटी डॉलरची प्रणाली सुरू केली. माल गोदामात होता, पण पोहोचवता आला नाही. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. समितीपुढे दोन्ही आकडे ठेवले. नवी तारीख ३ नोव्हेंबर मंजूर.

३ नोव्हेंबर: कटओव्हर (जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाणे)

शुक्रवारी संध्याकाळी ६ ला जुनी प्रणाली बंद. परत फिरायला आठ तास लागतात, म्हणून पुढे जायचे की मागे याचा निर्णय पन्नासाव्या तासाला, रविवारी रात्री ८ वाजता, आणि तो एकाच व्यक्तीचा. डेटा चढवायला २० तास लागले. गोदाम क्रमांक ३ मध्ये साठ्याचा फरक ४१ नग. कारण बंद झाल्यावर निघालेली एक गाडी. हाताने नोंद. वितरक पोर्टलच्या चाचणी सर्व्हरचे प्रमाणपत्र वैध होते, मूळ सर्व्हरचे संपलेले. तीन तास त्यात गेले. पुढे जाण्याचा निर्णय ७.४० ला. सोमवारी सकाळी ६.१५ ला पहिली आवक पावती.

२४ नोव्हेंबर: हायपरकेअर (सुरुवातीच्या आठवड्यांतला जादा आधार)

तीन आठवड्यांत ४१२ तक्रारी. रोल (कोणाला प्रणालीत काय करता येते ते अधिकार) आणि मास्टर डेटा १९०, वापराची माहिती नसल्यामुळे १२१, खरे दोष ६३, इंटरफेस ३८. रोलची चाचणी यूएटीत सर्वाधिकार असलेल्या खात्यांवरून झाली होती, म्हणून अडथळे आता दिसत आहेत. यूएटी खऱ्या रोलवरच व्हायला हवी.

१९ तारखेला एक सल्लागार प्रकल्पातून मोकळा झाला, नियमाप्रमाणे त्याचे खाते बंद केले आणि त्या रात्री १४ स्वयंचलित कामे चाललीच नाहीत. सगळी त्याच्या वैयक्तिक खात्यावर लावलेली होती. सर्व कामे सेवा-खात्यांवर (कोणा एका माणसाच्या नावावर नसलेल्या खात्यांवर) हलवली. इतर सल्लागारांच्या खात्यांची आजच तपासणी केली, आणखी पाच सापडली.

१५ डिसेंबर: हिशेब

नोव्हेंबरअखेर पहिला महिना नव्या प्रणालीत नऊ दिवसांत बंद झाला. जुन्यात सहा लागायचे. शेवटचा २० टक्के हप्ता सोडला.

सल्लागार: ठरलेले १,९००, चेंज रिक्वेस्ट २१४, मुदतवाढ १२०, हायपरकेअर जादा ६६. एकूण २,३००, म्हणजे २१ टक्के वर. आपली माणसे: ठरलेले ६००, झालेले १,७४०. यातले ७१० डेटावर, ४६० चाचण्यांवर, उरलेले बैठका, प्रशिक्षण आणि निर्णयांवर. हा खर्च कोणत्याही बिलात येत नाही; वेळपत्रके ठेवली म्हणून तो दिसला.

निर्णय-वही: एकूण ९४, बंद ९१. उघडे तीन: नि-८३, जुन्या प्रणालीतला दहा वर्षांचा डेटा केवळ वाचण्यापुरता कुठे ठेवायचा (मालक: लेखा, ९ जानेवारी, उत्तर न आल्यास जुना सर्व्हर आणि त्याची देखभाल चालू). नि-९०, वगळलेल्या चार मॉड्यूलपैकी देखभाल-नियोजनाचे घ्यायचे का. दर कायम राहण्याची मुदत संपेपर्यंत १४ महिने. नि-९४, मटेरियल मास्टरमध्ये नवी नोंद उघडण्याचा अधिकार सध्या ३७ जणांना आहे, तो चारवर आणायचा. मालक ठरलेला नाही, उद्याच्या बैठकीत पहिला विषय.